बीबीएसवर अनेक अक्षरसंच चालवताना: आधी लाइन, मग साठवण, तक्ते शेवटी

बीबीएस म्हणजे दूरच्या लोकांनी (कॉलरांनी) मोडेमवरून किंवा टेलनेटवरून, म्हणजे नेटवर्कवरच्या मजकुरी जोडणीतून, येऊन संदेश आणि फाइली देवघेव करायची संगणक-सेवा. ती चालवणारे नवे सिसऑप मला पडद्याचे फोटो पाठवतात. मेनूच्या चौकटी मोडलेल्या असतात, जर्मन किंवा रशियन अक्षरांच्या जागी कचरा असतो, आणि सोबत एकच प्रश्न असतो: "रूपांतर तक्ता बरोबर आहे ना?" बहुतेक वेळा तक्ता, म्हणजे एका अक्षरसंचातला बाइट दुसऱ्या संचात कोणता हे सांगणारी यादी, बरोबरच असतो. चूक त्याच्या दोन पायऱ्या आधी झालेली असते. एखादा बाइट वाटेतच कापला जातो, किंवा साठवलेला मजकूर कोणत्या संचातला आहे हे कुठेही लिहिलेले नसते. अशा वेळी तक्त्याशी झटापट केली की गोंधळ वाढतो.

म्हणून खालचा क्रम पाळा. एका टप्प्याची तपासणी पार पडल्याशिवाय पुढच्याला हात लावू नका. सगळे आकडे दशमान पद्धतीत दिले आहेत.

## तयारी: कोण कशावरून येणार?

कागदावर तीन रकाने आखा: कॉलरचे यंत्र, त्याचा अक्षरसंच, त्याच्या पडद्याची रुंदी. सर्वसाधारणपणे पुढची मंडळी येतात.

आयबीएम पीसी आणि डॉस: कोडपेज ४३७ (कोडपेज म्हणजे क्रमांक दिलेला अक्षरसंच: कोणता बाइट म्हणजे कोणते अक्षर). यात १७६ ते २२३ हा पट्टा चौकटी आणि ठोकळ्यांचा आहे. पश्चिम युरोपात कोडपेज ८५०, नॉर्वेत ८६५, रशियात ८६६.

अमिगा: लॅटिन-१, म्हणजे आयएसओ ८८५९-१. चौकटीची अक्षरे यात नाहीतच.

कमोडोर ६४: पेटस्की हा त्याचा स्वतःचा संच, ४० रकाने. छोटी अक्षरे ६५ ते ९० वर आणि मोठी १९३ ते २१८ वर, म्हणजे आस्कीपेक्षा (इंग्रजी अक्षरांचा मूळ सात बिटी संच) वेगळी मांडणी. अटारीच्या आठ बिटी यंत्रांवर अटास्की असते, त्यात ओळ १३ ने संपत नाही, १५५ ने संपते.

जुनी सात बिटी टर्मिनले: यांच्याकडे देशागणिक वेगळा संच. स्वीडन आणि फिनलंडमध्ये ९१, ९२, ९३ या चौकोनी कंस आणि उलट्या तिरप्या रेघेच्या जागी अनुक्रमे दोन टिंबांचा ए, दोन टिंबांचा ओ आणि डोक्यावर कडे असलेला ए बसवलेले आहेत. त्यांची छोटी रूपे १२३ ते १२५ वर.

आणि आजची टर्मिनले: यूटीएफ-८, म्हणजे सगळ्या लिप्या सामावणारा संच, ज्यात एका अक्षराला एकाहून अधिक बाइट लागू शकतात.

यातले जे खरोखर तुमच्याकडे येतात तेवढेच घ्या. एकही अटारीवाला कॉलर नसताना अटास्कीचा तक्ता लिहिण्यात दोन संध्याकाळ घालवणारे मी पाहिले आहेत.

यानंतर संदेशांच्या साठ्याची आणि वापरकर्त्यांच्या यादीची प्रत वेगळ्या डिस्कवर काढा. ही प्रत सगळे टप्पे संपेपर्यंत पुसायची नाही.

## टप्पा १: लाइन आठ बिटी करा

१. दोन्ही टोकांना आठ डेटा बिट, पॅरिटी (चूक ओळखायचा जादा बिट) नाही, एक स्टॉप बिट ठेवा. सात बिट आणि सम पॅरिटी ही जुनी मांडणी कुठेही राहिली की आठवा बिट गेलाच.

२. लिनक्सवर सिरीयल पोर्ट उघडत असाल तर पोर्टच्या मांडणीत येणाऱ्या बाइटचा आठवा बिट काढून टाकणारा पर्याय बंद आहे का ते पाहा.

३. फ्लो कंट्रोल (समोरच्याला 'थांब', 'चालू कर' सांगायची सोय) हार्डवेअरचे, म्हणजे आरटीएस-सीटीएसचे ठेवा. सॉफ्टवेअर फ्लो कंट्रोल १७ आणि १९ हे बाइट स्वतःसाठी गिळते. डॉसवाल्याला याचा पत्ता लागत नाही, पण पेटस्कीत १७ म्हणजे कर्सर खाली आणि १९ म्हणजे कर्सर घरी. कमोडोरवाल्याचा पडदा "कधीकधीच" विस्कटतो अशी तक्रार आली की मी सगळ्यात आधी हेच बघतो.

४. टेलनेटवर २५५ हा बाइट आज्ञेची खूण असतो. मजकुरातला २५५ दोनदा पाठवावा लागतो आणि घेताना दोनाचा एक करावा लागतो. जोडणी बायनरी मोडमध्ये न्या. कोडपेज १२५१ मध्ये (विंडोजचा रशियन संच) २५५ म्हणजे रशियन 'या' हे छोटे अक्षर. ते रोजच्या मजकुरात सतत येते, त्यामुळे ही चूक तिथे लगेच उघडी पडते.

तपासणी: ३२ ते २५५ पर्यंतचे सगळे बाइट एकेकदा असलेली २२४ बाइटची फाइल बनवा. ती साधा मजकूर म्हणून पाठवा, पलीकडे कॅप्चर करा आणि दोन्ही फाइली बाइटनिहाय ताडून पाहा. मग तेच उलट दिशेने करा. नुसत्या डोळ्यांवर भिस्त ठेवू नका.

सावधान: कर्मिटने (फाइल पाठवायची एक पद्धत) फाइल नीट गेली म्हणजे लाइन आठ बिटी आहे, हे सिद्ध होत नाही. कर्मिट आठवा बिट वेगळ्या चिन्हाने नेऊ शकतो, त्यामुळे सात बिटी लाइनवरही तो यशस्वी होतो.

दोन लक्षणे पाठ करून ठेवा, खूप वेळ वाचतो. एकेरी रेघेच्या चौकटीच्या वरच्या कडेला झेड, मग डी-डी-डीची रांग, शेवटी प्रश्नचिन्ह, आणि उभ्या कडांना ३ दिसत असेल, तर आठवा बिट कापला जातो आहे: २१८ चा ९० झाला, १९६ चा ६८, १९१ चा ६३, १७९ चा ५१. हा लाइनचा दोष. पण त्याच आडव्या रेघेच्या जागी दोन टिंबांच्या मोठ्या एची रांग दिसत असेल, तर बाइट सुखरूप पोचले आहेत, फक्त समोरचे टर्मिनल त्यांना लॅटिन-१ समजते आहे. हा रूपांतराचा दोष. उपाय पूर्ण वेगळे.

कोई-८ या आणखी एका रशियन संचातल्या मजकुराचे लक्षण आणखी सोपे. त्या संचाची रचनाच अशी आहे की आठवा बिट गेला तरी शब्द रोमन लिपीत वाचता येतो, फक्त छोटी-मोठी अक्षरे उलटी होतात. 'प्रिव्येत' या शब्दात पहिले पी छोटे आणि पुढची सगळी अक्षरे मोठी दिसली, की लाइन सात बिटी आहे.

## टप्पा २: साठवणीचा संच एकच

बीबीएसच्या आत मजकूर एकाच संचात राहिला पाहिजे. रूपांतर फक्त उंबरठ्यावर: बाइट कॉलरकडे जाताना आणि कॉलरकडून येताना. मेनूच्या पाच संचांत पाच प्रती ठेवल्या तर महिन्याभरात त्या एकमेकींशी जुळेनाशा होतात.

जुने डॉस सॉफ्टवेअर चालवत असाल तर निवड ठरलेली आहे: कोडपेज ४३७, किंवा रशियन मजकूर असेल तर ८६६. ८६६ मध्ये १७६ ते २२३ हा चौकटींचा पट्टा जागच्या जागी ठेवून रशियन अक्षरे त्याच्या दोन्ही बाजूंना बसवली आहेत, म्हणून मेनू मोडत नाहीत. ८५० मध्ये हे पूर्णपणे लागू नाही. एकेरी आणि दुहेरी रेघा जिथे मिळतात ते सांधे काढून तिथे युरोपीय अक्षरे भरली आहेत. असे मिश्र सांधे वापरलेला मेनू ८५० वर कोपऱ्यात फुटतो.

नव्या सॉफ्टवेअरवर असाल आणि एकाहून अधिक लिप्या हव्या असतील तर मजकुरासाठी यूटीएफ-८ घ्या. मात्र आन्सी चित्रे, म्हणजे रंगांच्या आणि कर्सरच्या आज्ञा घालून अक्षरांनी काढलेली चित्रे, मूळ बाइटमध्येच राहू द्या. ती चित्रे आहेत, मजकूर नव्हे. चित्राच्या शेवटी १२८ बाइटची सॉस नोंद (चित्राची माहिती देणारी) असेल तर तिच्यातले फॉन्टचे नाव वाचा, चित्र ४३७ चे की अमिगाच्या टोपाझ फॉन्टचे हे तिथेच कळते. त्या नोंदीआधी २६ हा बाइट असतो. दाखवणे तिथेच थांबवा, नाहीतर चित्राखाली निरर्थक ओळ उमटते.

सावधान: जुना साठा जागच्या जागी रूपांतरित करू नका. मी एकदा ४३७ मधले संदेश लॅटिन-१ मध्ये नेत होतो. अर्ध्यात वीज गेली, आणि वीज आल्यावर तीच आज्ञा पहिल्यापासून पुन्हा चालवली. पहिल्या फेरीत दोन टिंबांचा छोटा ए १३२ वरून २२८ वर गेला होता. दुसऱ्या फेरीत तक्त्याने २२८ ला ४३७ मधला ग्रीक सिग्मा मानले, लॅटिन-१ मध्ये सिग्मा नाही, म्हणून प्रश्नचिन्ह टाकले. त्या प्रश्नचिन्हातून मूळ अक्षर परत मिळत नाही. शेकडो संदेश असे गेले, आणि ते लिहिणाऱ्यांपैकी बरेच जण पुन्हा कधी आले नाहीत. तेव्हापासून वाचायची फाइल वेगळी आणि लिहायची वेगळी, हा नियम मी मोडलेला नाही.

## टप्पा ३: जाण्याचा तक्ता वेगळा, येण्याचा वेगळा

प्रत्येक आठ बिटी संचाला २५६ खान्यांचे दोन तक्ते लागतात. साठवण यूटीएफ-८ असेल तर जाण्याच्या बाजूला २५६ पुरत नाहीत, तिथे शोधयादी करा.

१. आधी अचूक जोड्या भरा. दोन टिंबांचा छोटा ए ४३७ मध्ये १३२, लॅटिन-१ मध्ये २२८, मॅकिंटॉशवर १३८.

२. अचूक अक्षर नसेल तर जवळचे द्या: टिंबांशिवायचा ए. तेही शक्य नसेल तर प्रश्नचिन्ह. रिकामे काही सोडू नका. एका खान्याच्या जागी एक खाना गेलाच पाहिजे, नाहीतर उजवीकडचे सगळे रकाने सरकतात.

३. चौकटींना पर्याय द्या: आडव्या रेघेला वजाचे चिन्ह, कोपऱ्यांना अधिकचे, भरीव ठोकळ्याला हॅश. उभ्या रेघेला सगळे जण १२४ ची उभी दांडी देतात, आणि इथेच स्वीडिश सात बिटी टर्मिनलवर प्रत्येक चौकटीच्या कडेला दोन टिंबांचा ओ उभा राहतो, कारण तिथे १२४ म्हणजे तेच अक्षर. त्या संचासाठी उद्गारचिन्ह किंवा अपूर्णविराम (:) वापरा.

४. ओळीचा शेवट प्रत्येक संचाच्या तक्त्यासोबतच नोंदवा. पेटस्कीला फक्त १३, सोबत १० पाठवायचा नाही. अटास्कीला १५५.

सावधान: एस्केप क्रमांना, म्हणजे पडद्याला रंग-कर्सरच्या आज्ञा देणाऱ्या किंवा कळी कळवणाऱ्या बाइटांच्या रांगांना, तक्ता लागता कामा नये. आन्सीचा प्रत्येक क्रम २७ आणि त्यापाठोपाठ ९१ ने सुरू होतो. येण्याच्या स्वीडिश तक्त्यात ९१ म्हणजे दोन टिंबांचा मोठा ए असेल, तर कॉलरने बाणाची कळ दाबली की तुमच्या कार्यक्रमाला बाण न मिळता एक अक्षर मिळते. २७ दिसला की क्रम संपेपर्यंत रूपांतर थांबवणारा छोटा टप्पा कोडमध्ये ठेवा.

उलट बाजूने येणारा धोका याहून वाईट आहे. लॅटिन-१ मध्ये १२८ ते १५९ ही नियंत्रणाची जागा आहे आणि अमिगावर १५५ हा एकटाच बाइट एस्केप क्रम सुरू करतो. कोडपेज ८५० आणि ८६५ मध्ये १५५ म्हणजे तिरपी रेघ मारलेला छोटा ओ, जो डॅनिश आणि नॉर्वेजियन मजकुरात पावलोपावली येतो. रूपांतर न करता तो अमिगाकडे गेला तर टर्मिनल पुढची अक्षरे आज्ञा समजून गिळते. वाक्यांचे तुकडे गायब होत असतील तर संशय यावरच घ्या.

तपासणी: जी अक्षरे दोन्ही संचांत आहेत ती जाण्याच्या आणि मग येण्याच्या तक्त्यातून फिरवा. प्रत्येक अक्षर मूळ जागी परत आले पाहिजे. हे यंत्राकडून करून घ्या, हाताने दोन-चार सुटतातच.

## टप्पा ४: कॉलरला कधी आणि काय विचारायचे

जोडणी होताच रंगीत स्वागतचित्र दाखवण्याचा मोह आवरा. खालच्या परीक्षांचे बाइट सोडले तर संच ठरण्याआधी जे काही पाठवाल ते साध्या आस्कीत, ३२ ते १२६ च्या आत, रंगांशिवाय.

१. "बॅकस्पेस दाबा" असे विचारा. ८ किंवा १२७ आला तर आस्की कुटुंब. २० आला तर कमोडोर. १२६ आला तर अटारी. एका कळीत एवढे कळते, आणि चार्टमधला आपला संच निवडता न येणारा कॉलरही बॅकस्पेस नक्की दाबू शकतो.

२. आस्की कुटुंब असेल तर ओळीच्या सुरुवातीला १९५ आणि १६९ हे दोन बाइट पाठवा आणि कर्सरची जागा विचारणारा आन्सी क्रम द्या. उत्तरात दुसरा रकाना आला तर टर्मिनलने दोन बाइटचे एक अक्षर केले, म्हणजे यूटीएफ-८. तिसरा रकाना आला तर आठ बिटी संच. तीन सेकंदांत उत्तरच आले नाही तर साधे टर्मिनल धरा आणि रंग बंद ठेवा. उत्तर आल्यावर ती ओळ पुसा.

३. आठ बिटी निघाला तर ४३७ आणि लॅटिन-१ मध्ये लिहिलेला एकच शब्द दोन ओळींत दाखवा आणि "कोणती ओळ नीट दिसते?" एवढेच विचारा. २४०० च्या मोडेमवर सेकंदाला २४० अक्षरे जातात. पूर्ण २००० खान्यांचा तक्ता दाखवलात तर कॉलर आठ सेकंद नुसता बघत बसतो.

४. उत्तर वापरकर्त्याच्या नोंदीत ठेवा, पण बॅकस्पेसची परीक्षा दर खेपेला घ्या. घरी कमोडोर आणि मित्राकडे पीसी असे दोन्हीकडून येणारे असतात.

सावधान: नाव आणि पासवर्ड हे प्रश्न संच ठरल्यानंतरच. एकाच पासवर्डातले दोन टिंबांचे अक्षर पीसीवरून १३२ आणि अमिगावरून २२८ म्हणून येते. आधी साठवणीच्या संचात आणा, मग ताडा. नवीन सदस्यांना पासवर्ड आस्कीतच ठेवायला सांगा.

नावे जुळवताना मोठ्या-छोट्या अक्षरांचे रूपांतरही तक्त्यानेच करा. ८६६ मध्ये छोट्या रशियन अक्षरांच्या पहिल्या अर्ध्यातून ३२ वजा केले की मोठे अक्षर मिळते, पण 'र' पासून पुढे ८० वजा करावे लागतात. सगळीकडे ३२ वजा करणारा कार्यक्रम अर्धे नाव बरोबर आणि अर्धे चुकीचे करतो, आणि कॉलरला "असा सदस्य नाही" असे ऐकावे लागते.

## टप्पा ५: संदेश आणि फिडोनेट

१. फिडोनेट म्हणजे बीबीएसांमध्ये संदेश पोचवणारे जाळे. त्यावर बाहेर जाणाऱ्या प्रत्येक संदेशात सीएचआरएस ही अक्षरसंच सांगणारी नियंत्रण ओळ घाला. ती १ या बाइटने सुरू होते, मग संचाचे नाव, मग पातळी: आठ बिटी संचांसाठी २, यूटीएफ-८ साठी ४. 'आयबीएमपीसी' हे जुने संदिग्ध नाव टाळा, कोडपेजचा क्रमांक लिहा.

२. येणाऱ्या संदेशाची ही ओळ वाचा. ती नसेल तर त्या विभागासाठी ठरवलेला संच धरा: रशियन विभागाला ८६६, बाकीच्यांना ४३७. मजकूर पाहून आपोआप अंदाज बांधणारा कोड छोट्या संदेशांवर हमखास फसतो.

३. नियंत्रण ओळी आणि पत्ते यांना तक्ता लावू नका.

४. उत्तरात मूळ मजकूर उद्धृत होत असेल तर तो आधी उत्तराच्या संचात आणा. एकाच संदेशात दोन संच आले की तो कुठेच नीट दिसत नाही.

सावधान: १४१ हा बाइट काढू नका. फिडोनेटच्या मूळ तांत्रिक मानकात १४१ हा मऊ ओळतोड मानून दुर्लक्षित करायला सांगितले होते. पण ८६६ मध्ये १४१ म्हणजे रशियन मोठे 'न'. ते मानक इमानेइतबारे पाळणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे रशियन संदेशांतले हे अक्षर वाटेत गळत असे, आणि लोक त्याजागी तसेच दिसणारे रोमन एच टाइप करू लागले. मग शोधात शब्द सापडेनात. तुमच्या संदेश-वाहक सॉफ्टवेअरमध्ये ही गाळणी असेल तर ती बंद करा.

फाइलींची देवाणघेवाण सुरू होताच रूपांतर पूर्ण थांबले पाहिजे. झेडमोडेम (फाइल पाठवायची आणखी एक पद्धत) सुरू झाल्यावर तक्ता चालू राहिला तर प्रत्येक तुकड्याची बेरीज चुकते, आणि दोष बिचाऱ्या मोडेमला लागतो.

## देवनागरी हवी असेल तर

हा प्रश्न मला मराठी सिसऑपकडून नेहमी येतो, म्हणून वेगळे लिहितो.

इस्की, म्हणजे १९९१ चे भारतीय मानक, आठ बिटी आहे आणि देवनागरी १६१ पासून वर बसवते. त्यात 'क' १७९ वर आहे. कोडपेज ४३७ मध्ये १७९ म्हणजे चौकटीची उभी रेघ. ४३७ चा मेनू आणि इस्की मजकूर एका पडद्यावर नांदू शकत नाहीत. शिवाय जोडाक्षरे आणि मात्रा रचायला टर्मिनलच्या बाजूला वेगळी सोय लागते. पुण्याच्या सी-डॅकने पीसीसाठी जिस्ट कार्ड काढले ते याच कामासाठी. साध्या २५६ अक्षरांच्या फॉन्टला हे झेपत नाही.

आज मार्ग एकच: यूटीएफ-८. पण चार गोष्टी सांभाळा.

१. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे. मात्रा, अनुस्वार आणि हलन्त स्वतंत्र मोजले जातात. फिडोनेटच्या संदेशपाकिटात नावाला वापरता येतात ३५ बाइट, म्हणजे ११ चिन्हे. 'ज्ञानेश्वर' यातच दहा चिन्हे, ३० बाइट. आडनावाला जागा उरत नाही. विषयाला ७१ बाइट, म्हणजे २३ चिन्हे. नावे रोमन लिपीत ठेवा आणि विषय आखूड.

२. मजकूर कापायचा झाला तर बाइट मोजून आंधळेपणाने कापू नका. १२८ ते १९१ मधला बाइट म्हणजे अक्षराचा मधला किंवा शेवटचा तुकडा. त्याच्या आधी सरका आणि तिथे कापा.

३. देवनागरी मजकूर चौकटीत बसवू नका. जोडाक्षराला किती रकाने द्यायचे यावर टर्मिनलांचे एकमत नाही, उजवी कड हटकून वाकडी होते. मेनूची चौकट वर संपवा आणि मजकूर खाली मोकळा सोडा.

४. यूटीएफ-८ नसलेल्या कॉलरला प्रश्नचिन्हांची रांग पाठवू नका. मेनूची रोमन प्रत दाखवा आणि संदेशाच्या जागी "हा संदेश देवनागरीत आहे" अशी एक रोमन ओळ द्या. रोमन लिप्यंतर करता आले तर फारच चांगले.

तपासणी: 'क' लिहा आणि साठ्यात त्याचे बाइट पाहा. २२४, १६४, १४९ असे तीनच असले पाहिजेत. सहा दिसले तर मजकूर दोनदा रूपांतरित झाला आहे. पडद्यावर अल्फा, लाटेचा एन आणि उलटा आघात असलेला ओ दिसले तर साठा बरोबर आहे, पण टर्मिनल ४३७ वर आहे. त्या कॉलरला टप्पा ४ मधून पुन्हा न्या, तक्त्याला हात लावू नका.

शेवटी तयारीच्या कागदावरचे प्रत्येक यंत्र घेऊन हाच क्रम एकदा चालवा: लॉगिन, मेनू, एक संदेश लिहिणे, तोच संदेश दुसऱ्या यंत्रावरून वाचणे, एक फाइल उतरवणे. पीसीवर लिहिलेले अमिगावर आणि अमिगावर लिहिलेले पीसीवर तसेच्या तसे दिसले की लाइन खुली करा. जुन्या साठ्याची ती वेगळी प्रत त्यानंतरही किमान महिनाभर ठेवा, कारण क्वचित येणारा एखादा कॉलर तिसऱ्या आठवड्यात उगवतो आणि त्याचे नाव मोडलेले निघते.